वाटाड्याची पात्रता आणि वाटाड्याचा विमा

आपल्या विश्वस्त संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासलेख द्यावा, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा आम्ही लगेच होकार दिला. शाळामास्तराला विषयांची वाण नसते, असा आमचा समज होता. परंतु कागद पुढे घेऊन बसलो आणि गेल्या जूनमध्ये शिष्यवृत्ती समितीपुढे आलेला एक अर्ज सारखा डोळ्यांपुढे येऊ लागला. शेवटी त्यालाच शरण गेलो. वाचकहो, हा लेख म्हणजे त्या अर्जाच्या निमित्ताने आम्ही केलेला अभ्यास आहे. त्यात थोडी कबुलीही आहे.

अर्जदार आमचाच माजी विद्यार्थी. वय बावीस. वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान. अर्जात त्याने लिहिले होते की, डोंगरी सायकलस्वारीचा वाटाड्या होण्यासाठी लागणारे प्रशिक्षण आणि पहिल्या वर्षाचा विमा एवढ्यासाठी संस्थेने साहाय्य करावे. समितीवरील मंडळींस परिचारिकेचा, तंत्रनिकेतनाचा, हिशेबनिसाचा अर्ज ओळखीचा. हा अर्ज वाचून सर्वांस हसू आले. एक सभासद म्हणाले, "सायकल फिरवायला परीक्षा कशाला? आपण सारे शाळेला सायकलनेच गेलो की!" दुसरे म्हणाले, "आणि विमा कसला? पडला तर उठेल." आम्हीही हसलो, हे लपवीत नाही. अर्ज पुढील बैठकीवर गेला आणि मुलगा आमच्या हाताखालून गेलेला असल्यामुळे चौकशीचे काम आमच्याकडे आले.

चौकशी करू लागलो आणि हसू मावळले.

हा धंदा काय आहे

जाड दातेरी टायरांची, भक्कम ब्रेकची, दगडधोंड्यांवर चालणारी ही सायकल अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात जन्मली. तेथील काही तरुण जुन्या जड सायकली दुरुस्त करून टेकडीवरून खाली सोडीत. १९७६ साली त्यांनी या उताराच्या शर्यती सुरू केल्या. १९९० मध्ये या खेळाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले. आपल्या देशात हिमाचल प्रदेशात २००५ पासून या सायकलींची मोठी शर्यत भरू लागली.

आपल्या बेळगावकरांस हे नवल वाटू नये. रविवारी पहाटे येळ्ळूरच्या रस्त्याने राजहंसगडाकडे, वैजनाथच्या डोंगराकडे किंवा जांबोटीकडे जाणाऱ्या सायकलस्वारांच्या रांगा आपण पाहतोच. परगावचे हौशी लोक येतात तेव्हा त्यांस वाट दाखविणारा, गाडी बिघडली तर नीट करणारा आणि संध्याकाळी सुखरूप परत आणणारा माणूस हवा असतो. त्याबद्दल ते पैसे देतात. हाच वाटाड्या.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. उत्तम सायकलस्वार स्वतःच्या हाडांची जोखीम घेतो. वाटाड्या दुसऱ्याच्या हाडांची जोखीम घेतो, आणि तीही मोबदला घेऊन. पहिल्याला अंगात रग असली तरी पुरते. दुसऱ्याला ज्ञान लागते आणि उत्तरदायित्व लागते. पात्रता व विमा ही त्या दोहोंची नावे आहेत. हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी एका उतारावर शिकलो होतो. फक्त कबूल केले नव्हते.

राजहंसगडचा उतार

आठ वर्षांपूर्वी शाळेची सायकल सहल आम्हीच काढली होती. नववीची एकतीस मुले आणि आम्ही दोन शिक्षक. चढण मुलांनी गात गात पार केली. उतरताना एक मुलगा वेगात पुढे गेला, वळणावर त्याला गाडी आवरेना आणि तो हँडलावरून पुढे फेकला गेला. गळ्याजवळचे हाड मोडले, तोंड रक्तबंबाळ झाले. आमच्या पेटीत कापूस, आयोडिन आणि डोकेदुखीच्या गोळ्या होत्या. मोडलेल्या हाडाला आधार कसा द्यावा, डोक्याला मार बसला आहे की नाही हे कसे पाहावे, यातले आम्हां दोघांस काहीही ठाऊक नव्हते. एका दूधवाल्याच्या टेंपोतून मुलाला गावात आणले.

मुलाचे वडील वडगावातले विणकर. औषधपाण्याचा सारा खर्च त्यांनी केला. आम्ही घरी भेटायला गेलो तेव्हा त्या माउलीने चहा पुढे केला आणि वडील म्हणाले, "सर, तुमची काय चूक? पोराचं नशीब." ते वाक्य आम्ही मुकाट्याने घेतले.

त्याच संध्याकाळी नववीतलाच दुसरा एक मुलगा ती मोडकी सायकल पाहत उभा होता. तो हळूच म्हणाला, "सर, मागच्या ब्रेकचं रबर पार झिजलंय. निघताना बघितलं असतं तर कळलं असतं." तो सायकल दुरुस्तीच्या दुकानदाराचा मुलगा. आज अर्ज करणारा तोच.

निघताना एकतीस सायकलींपैकी एकीचाही ब्रेक आम्ही दाबून पाहिला नव्हता. ही गोष्ट त्या विणकर गृहस्थास आम्ही कधी सांगितली नाही. नशिबाच्या खाती जमा झालेली ती आमची चूक होती.

परमुलखाचे दोन धडे

अपघातानंतर विचार करणे हा मनुष्यस्वभाव आहे. समाजही तसेच करतो. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम उपसागरात एका साहस केंद्राने शाळकरी मुलांस लहान होड्यांतून समुद्रात नेले. हवा बिघडली, होड्या उलटल्या आणि चार मुले मरण पावली. १९९४ मध्ये ते केंद्र चालविणारी कंपनी आणि तिचा संचालक हे दोघेही मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, तेथील संसदेने मुलांच्या साहस केंद्रांसाठी परवान्याचा कायदा केला.

या कायद्याखालील नियमांत सायकलही येते, हे वाचून आम्ही चकित झालो. अठरा वर्षांखालील मुलांस पैसे घेऊन उजाड माळावर किंवा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून उंच जागी नेत असाल आणि तेथून जवळच्या रस्त्याला वा निवाऱ्याला पोहोचण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत असेल, तर पायी जा, घोड्यावर जा वा सायकलवर जा, परवाना लागतो. आपले बेळगाव शहरच ७०० मीटरांहून उंच. तेव्हा उंचीचा आकडा आपल्यास जसाच्या तसा लागू पडत नाही. परंतु अर्ध्या तासाचे माप मनात ठेवण्याजोगे आहे. मदत किती लांब आहे, यावर वाटेचा धोका ठरतो. तीन फुटांची उडी गावाजवळ मारली तर ती मौज असते. कणकुंबीपलीकडच्या रानात मारली तर तीच आपत्ती होऊ शकते.

दुसरा धडा खास डोंगरी सायकलचाच. २०१२ साली इंग्लंडच्या सरे परगण्यातील होमबरी टेकडीवर एक गृहस्थ पैसे भरून सायकलस्वारी शिकत होते. एका उतारावर ते पुढे फेकले गेले आणि मणक्याला जबर इजा होऊन कायमचे पंगू झाले. त्यांनी शिक्षकावर दावा लावला. लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निकाल दिला. शिक्षकाचा हलगर्जीपणा न्यायालयाने मान्य केला. स्वाराच्या स्वतःच्या चुकीचा वाटा वीस टक्के धरला आणि उरलेली जबाबदारी शिक्षकावर टाकली.

शिक्षक सायकल उत्तम चालवीत होता की नाही, हा या दाव्यातला प्रश्नच नव्हता. या शिष्याची कुवत शिक्षकाने नीट अजमावली होती का, आणि त्या उतारावर त्याला दिलेली शिकवण त्याच्या कुवतीला धरून होती का, याभोवती सारा वाद फिरला. वाचकहो, वर्गात शिकविणाऱ्या आम्हां मास्तरांस हा प्रश्न नवा नाही. पाचवीच्या मुलास दहावीचे गणित घातले तर तो नापास होतो. उतारावर तसे केले तर काय होते, ते वर आलेच आहे.

पात्रता म्हणजे काय

ब्रिटनमध्ये सायकलीचा वाटाड्या होण्यास अमुकच परीक्षा हवी, असा सरसकट कायदा नाही. तरी परीक्षेवाचून तेथे सहसा कोणी हा धंदा करीत नाही; कारण विमा उतरविणारी कंपनी आणि मुले पाठविणारी शाळा दोघेही प्रथम प्रमाणपत्र मागतात. ब्रिटिश सायकलिंग या संस्थेच्या परीक्षेला पायऱ्या आहेत. वस्तीजवळच्या वाटांसाठी खालची, दूरच्या निर्जन डोंगरांसाठी वरची. फ्रान्समध्ये तर पैसे घेऊन खेळ शिकवायचा वा त्यात लोकांस घेऊन जायचे तर मान्य पदविका आणि सरकारचे व्यावसायिक ओळखपत्र कायद्यानेच लागते. ते ओळखपत्र दर पाच वर्षांनी नवे करावे लागते.

आपल्या देशात डोंगरी सायकलीच्या वाटाड्यासाठी एकच एक सरकारी परीक्षा नाही. म्हणून उमेदवाराने आपली पात्रता तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागते. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने साहसी पर्यटन चालविणाऱ्यांच्या संघटनेबरोबर २०१८ मध्ये सुरक्षिततेची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली असून त्यांत सायकल सफरींचाही विचार आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांसाठी नोंदणीची पद्धत घातली. आमच्या अभ्यासातून उमेदवारासाठी जो क्रम निघाला तो असा.

पहिली पायरी, स्वतःची नोंदवही. कोणती वाट, किती अंतर, कसे हवामान, बरोबर किती माणसे, काय बिघडले, काय शिकलो, हे प्रत्येक सफरीनंतर लिहावे. विलायतेतही प्रशिक्षण आणि परीक्षा यांच्यामध्ये सराव करून त्याची नोंद ठेवण्यास सांगतात. ही वही म्हणजे वाटाड्याची गुणपत्रिका होय.

दुसरी पायरी, प्रथमोपचार. भारतीय रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्था प्रथमोपचाराचे शिक्षण देऊन प्रमाणपत्र देतात. परंतु शहरातला प्रथमोपचार रुग्णवाहिका येईपर्यंतचा असतो. रानात ती यायला काही तास लागतात. म्हणून रानातल्या प्रथमोपचाराचा निराळा अभ्यासक्रम असतो. त्याचा लहान वर्ग साधारण सोळा तासांचा, मोठा सत्तर-ऐंशी तासांचा. रक्त थांबविणे, मोडलेले हाड स्थिर करणे, मणक्याला इजा झाली असल्यास माणसाला न हलविणे, उन्हाचा तडाखा ओळखणे, सर्पदंशात चिरफाड वा आवळपट्टी न करता रुग्णास स्वस्थ ठेवून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात नेणे, या गोष्टी हातांनी केल्यावाचून येत नाहीत. १०८ आणि ११२ हे क्रमांक पाठ असावेत. पण चोर्ल्याच्या रानात फोन लागेलच असे नाही. तेव्हा तो शेवटचा कोठे लागतो, हेही ठाऊक हवे.

तिसरी पायरी, डोंगराचे ज्ञान. दार्जिलिंगची संस्था १९५४ ची, मनालीची १९६१ ची, उत्तरकाशीची १९६५ ची. या गिर्यारोहण संस्थांतला मूलभूत अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा असतो. तेथे सायकल शिकवीत नाहीत. पण नकाशा, हवामान, दोर, थंडी आणि विरळ हवा यांची ओळख होते. हिमालयात सफरी न्यायच्या असतील तर याची फार गरज आहे. मनालीहून लेहला जाणारा रस्ता बारालाचा खिंडीत सोळा हजार फुटांवर पोहोचतो आणि तेथे धडधाकट माणसासही विरळ हवा बाधते. सह्याद्रीतला जाणता तेथे नवशिकाच असतो.

चौथी पायरी, यंत्राची तपासणी. ही आम्ही आता शाळेत शिकवितो, कारण ती कोणासही पाच मिनिटांत येते. इंग्रजी एम अक्षर गिरवावे तसा हात सायकलीवरून फिरवावा. पुढच्या चाकापासून आरंभ : चाक घट्ट आहे का, आरे सैल आहेत का, टायर चिरला आहे का. तेथून चिमट्याने वर हँडलापर्यंत : ते हलते का, दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, रबरे तपासावीत. तेथून खाली पायडलपर्यंत, मग वर सीटपर्यंत, शेवटी खाली मागच्या चाकापर्यंत आणि चेनपर्यंत. हे अक्षर एकतीस वेळा गिरविले असते, तर एका मुलाचे हाड मोडले नसते.

पाचवी पायरी, माणसांची पारख. निघण्यापूर्वी प्रत्येकास दमा, फेफरे, मधुमेह, हृदयविकार यांविषयी विचारून लिहून घ्यावे. सपाट मैदानावर दहा मिनिटे फिरवून कोणाचा हात ब्रेकवर कसा जातो ते पाहावे. सर्वांत कच्च्या स्वारास झेपेल ती त्या दिवसाची वाट. विलायतेत एका वाटाड्यामागे आठांहून अधिक स्वार सहसा देत नाहीत. आम्ही दोघे एकतीस मुले घेऊन गेलो होतो, हे येथे पुन्हा आठवावे.

सहावी पायरी, परवानग्या. आपल्या भागाची अडचण अशी की, सकाळी कर्नाटकातून निघालेला स्वार दुपारी गोव्यात किंवा महाराष्ट्रात असतो. चोर्ला घाटात तर तिन्ही राज्यांच्या सीमा एकमेकींस भिडतात. खानापूर तालुक्यातील भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीवाचून तेथे शिरणे गुन्हा आहे. परवानगीवाचून गेलेल्या सफरीत अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला आक्षेप तोच घेईल.

विमा म्हणजे काय

आता दुसरा भाग. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून वर्गातल्याप्रमाणे सांगतो.

समजा, शंभर वाटाडे आहेत आणि वर्षातून एकावर पाच लाखांचे देणे येते. हे आकडे केवळ हिशेबापुरते. कोणावर येणार ते आधी कळत नाही. ज्याच्यावर येईल त्याचे दुकान, घर, बायकोचे दागिने सारे जाईल आणि तरीही जखमी माणसास पुरते पैसे मिळणार नाहीत. पण शंभर जणांनी पाच पाच हजार एकत्र ठेवले तर देणे फिटते आणि कोणी बुडत नाही. विम्याचे सारे गणित एवढेच. कंपनी मध्ये येते, तिचा खर्च व नफा त्यात मिसळतो, इतकाच फरक.

वाटाड्यास तीन प्रकारचे विमे लागतात.

पहिला, दायित्वाचा विमा. वाटाड्याच्या चुकीने गिऱ्हाइकास किंवा वाटेवरच्या तिऱ्हाइतास इजा झाली आणि भरपाई द्यावी लागली, तर ती या विम्यातून मिळते. बहुधा वकिलाचा खर्चही. येथे नावावरून एक चूक संभवते. आपल्या देशात सार्वजनिक दायित्व विमा नावाचा १९९१ चा कायदा आहे. तो घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी, भोपाळच्या दुर्घटनेनंतर झालेला. सायकलीच्या वाटाड्याशी त्याचा संबंध नाही. वाटाड्याने आपला दायित्व विमा आपण होऊन घ्यावयाचा असतो.

दुसरा, स्वतःचा अपघात व आजारपणाचा विमा. येथे तर मोठाच खड्डा आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळण्याच्या कलमांची भाषा एकसारखी केली. त्यांतल्या एका कलमाप्रमाणे, धोक्याच्या वा साहसी खेळांत जो व्यवसाय म्हणून भाग घेतो, त्याला त्यातून झालेल्या इजेचा उपचारखर्च मिळत नाही. म्हणजे हौसेने रविवारी सायकल चालविणाऱ्या कारकुनाला जो विमा कदाचित उपयोगी पडेल, तोच विमा पोटासाठी सायकल चालविणाऱ्या वाटाड्याला ऐन वेळी हात दाखवू शकतो. तेव्हा "माझा विमा आहे" एवढ्यावर स्वस्थ बसू नये. आपला व्यवसाय अर्जात स्पष्ट लिहावा आणि तो धरून संरक्षण मिळते की नाही, हे लेखी घ्यावे.

तिसरा, सफरीत येणाऱ्यांचा अपघात विमा. यात चूक कोणाची हा प्रश्न येत नाही. ठरलेली इजा झाली की ठरलेली रक्कम मिळते. वाटाड्या निर्दोष असला तरी जखमीच्या घरी चूल पेटावी, हा त्याचा हेतू.

या तिन्हींना एक समान अट आहे : खरे सांगणे. पॉलिसीत "रस्त्यावरील सायकल सफर" असे लिहून घेतले आणि माणसांस खडकाळ उतारावर नेले, दहा माणसांचा आकडा देऊन वीस नेली, प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची मुदत संपली ते सांगितले नाही, तर वर्षानुवर्षे भरलेला हप्ता पाण्यात जाऊ शकतो. पात्रता आणि विमा एकमेकांस असे बांधलेले आहेत. अपघात होताच त्याच दिवशी वेळ, जागा, साक्षीदार लिहून ठेवावे आणि कंपनीस विनाविलंब कळवावे.

दोन आक्षेप

एक आक्षेप व्यवहारी मंडळींचा. "एवढे कशाला? निघतानाच कागदावर सही घ्यावी की, काही झाले तर आम्ही जबाबदार नाही." ब्रिटनमध्ये १९७७ च्या कायद्यापासून असल्या सहीची किंमत फार थोडी उरली आहे. हलगर्जीपणाने झालेला मृत्यू वा शारीरिक इजा यांची जबाबदारी व्यावसायिकास कागद लिहून झटकता येत नाही. आपल्याकडेही पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील उणिवेबद्दल दाद मागता येते. सही घ्यावी ती धोका समजावून सांगितल्याची खूण म्हणून. जबाबदारीतून सुटण्याची ती पळवाट नव्हे.

दुसरा आक्षेप आमच्या घरचा. आमच्या समाजातील काही वडीलधारे विम्यास नाके मुरडतात. त्यात व्याज आणि जुगार यांचा अंश येतो, अशी त्यांची शंका आहे. आम्ही आलिम नव्हे. निवाडा जाणत्यांनी करावा. एवढे मात्र सांगतो की, परस्पर साहाय्याच्या तत्त्वावरची विमा कंपनी सुदानमध्ये १९७९ साली निघाली आणि मलेशियाने १९८४ मध्ये अशा 'तकाफुल' व्यवस्थेसाठी स्वतंत्र कायदाच केला. सर्वांनी थोडे थोडे घालून एकाचे संकट वाटून घ्यावे, हे तत्त्व आमच्या धर्माला परके नाही. आणि आपल्या या संस्थेने पन्नास वर्षे दुसरे काय केले? शिवाय दायित्वाचा विमा वाटाड्या स्वतःसाठी थोडाच घेतो? आपल्या हातून ज्याचे नुकसान होईल, त्याची भरपाई करण्याची ती सोय आहे. आमचे अब्बा म्हणत, आधी जनावर खुंट्याला पक्के बांधावे, मग अल्लावर हवाला ठेवावा. आम्ही राजहंसगडावर खुंटा न ठोकताच हवाला ठेवला होता.

समितीस विनंती

ज्याची अर्जावर चौकशी नेमली त्याने निष्कर्ष सांगितला पाहिजे. तो असा. हा अर्ज सायकल फिरविण्याच्या हौसेसाठी केलेला नाही. लोकांची मुले डोंगरावर नेऊन सुखरूप परत आणण्याची विद्या शिकावी, आणि तरीही चूक झालीच तर ती दुसऱ्याच्या नशिबाच्या खाती जाऊ नये, एवढ्यासाठी तो आहे. बावीस वर्षांच्या मुलाने प्रशिक्षणाबरोबर विम्यासाठीही मदत मागितली, हे वाचून आम्ही हसलो होतो. वास्तविक तेथेच त्याचे शहाणपण दिसून आले होते.

मदत देताना संस्थेने त्याच्याकडून एक काम जरूर घ्यावे. आपल्या सभासदांच्या मुलांस दर वर्षी एक दिवस सायकल तपासणी आणि प्रथमोपचार त्याने शिकवावा. आणि संस्थेच्या सहलीस यापुढे सोबत जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने तो वर्ग केलेला असावा. पहिल्या वर्गात आम्ही विद्यार्थी म्हणून बसू.

राहता राहिली आमची जुनी बाकी. हा लेख छापखान्यात देण्यापूर्वी आम्ही वडगावात जाऊन आलो. मुलगा आता कामाला लागला आहे. गार हवेत खांदा दुखतो म्हणाला. त्याच्या वडिलांस आम्ही ब्रेकच्या रबराची गोष्ट सांगितली. माग थांबवून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याच वेळी सांगायचं होतं, सर." आम्ही होय म्हटले. दुसरे उत्तर आमच्यापाशी नव्हते.